रोजचे पाचशे आणि वर्षाची वही

शेअरबाजारात रोज थोडी खरेदी-विक्री केली की घरखर्च सुटतो, असे हल्ली घरोघरी ऐकू येते. खरोखर सुटतो का? घरचा जमाखर्च आपण जसा मांडतो, तसाच हाही मांडून पाहिला तर काय दिसते?

सकाळचे सव्वानऊ म्हणजे आपल्या वसई-विरारकडच्या गृहिणीला जरा उसंत मिळण्याची वेळ. डबे गेलेले असतात, पाणी भरून झालेले असते, मुले शाळेत पोहोचलेली असतात. पण गेल्या काही वर्षांत नेमक्या याच वेळेला पुष्कळ घरांत एक नवी गडबड सुरू होते. सव्वानऊला शेअरबाजार उघडतो. रात्रपाळी करून आलेले घरधनी झोपायचे सोडून मोबाइल घेऊन बसतात. कॉलेजला निघालेला मुलगा बूट घालता घालता थांबतो. जे घरी नसतात ते चर्चगेटच्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने शेअर घेत आणि विकत असतात. लेडीज डब्यातसुद्धा हिरव्या-लाल रेघांचे ते चित्र आता नवीन राहिलेले नाही.

आणि मग एखाद्या रात्री जेवताना वाक्य येते, "नोकरीत काय राहिलंय? रोज पाचशे रुपये सुटले तरी महिन्याचे दहा-साडेदहा हजार झाले. विरार ते चर्चगेट लोंबकळत जाण्यापेक्षा घरी बसून हेच करावं म्हणतो."

ऐकायला वाक्य साधे आहे. रोज दोन-तीन तास गाडीत घालवणाऱ्या माणसाला ते गोड वाटले तर त्यात नवल नाही. पण घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांची फी, सासूबाईंचे औषध हे सगळे त्या वाक्यावर उभे राहणार असेल, तर ते नीट तपासून घेणे हे घर चालवणाऱ्या बाईचे कामच आहे.

शेअर घेणे वेगळे, रोजचा व्यवहार वेगळा

पहिली गोष्ट, शेअर घेणे वाईट असे मुळीच म्हणायचे नाही. चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन पाच-दहा वर्षे ठेवला, तर त्या काळात ती कंपनी माल बनवते, विकते, नफा कमावते. त्या नफ्यात आपला वाटा असतो. भाव खालीवर होतात, जोखीम असतेच, पण मुळाशी काहीतरी पिकत असते.

सकाळी घेऊन दुपारी साडेतीनच्या आत विकणे, ज्याला 'इंट्राडे' म्हणतात, ती निराळी गोष्ट. एवढ्या चार-सहा तासांत कंपनीच्या कारखान्यात काय वाढणार? फक्त भाव हलतो. तो आपल्या बाजूने हलला तर फायदा, नाही तर तोटा.

त्याहून निराळे 'फ्युचर्स' आणि 'ऑप्शन्स'. ऑप्शन म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना समजावणे सोपे आहे. नालासोपाऱ्याला जागा बघायला गेलात, आवडली, आणि ठरलेल्या भावाने ठरलेल्या तारखेपर्यंत घेण्याचा हक्क राहावा म्हणून इसार दिलात. तारीख उलटली आणि व्यवहार केला नाहीत, तर इसार बुडाला. ऑप्शन घेणाऱ्याचा पैसा हा असा इसार आहे. फरक इतकाच की जागेच्या इसाराला महिना-दोन महिन्यांची मुदत असते आणि इथे लोक बहुधा आठवड्याच्या मुदतीचे, किंबहुना त्याच दिवशी मुदत संपणारे इसार देत असतात. आणि इसार घेणाऱ्याच्या जागी जो बसतो, म्हणजे ऑप्शन विकतो, त्याची जोखीम तर इसारापुरतीही मर्यादित राहत नाही.

आता भिशीचे उदाहरण घ्या. वीस जणींनी हजार-हजार रुपये घातले तर भांड्यातून वीस हजारच निघतील, एकवीस हजार निघणार नाहीत. फ्युचर्स-ऑप्शन्सचे भांडे असेच आहे. एकाच्या हाती जे पडते ते दुसऱ्याच्या खिशातून आलेले असते. शिवाय प्रत्येक फेरीला दलाल, बाजार आणि सरकार आपापला चमचा त्या भांड्यात बुडवतात. म्हणजे सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर घातले त्यापेक्षा कमीच निघणार.

अर्नाळ्याची किंवा पाचूबंदरची कोळीणही सकाळी घेते आणि संध्याकाळपर्यंत विकते. पण ती बर्फात माल राखते, पाटी उचलून दारोदार नेते, साफ करून देते. तिच्या नफ्यामागे तिने केलेले काम आहे आणि ते गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडते. म्हणून बारा महिने तिचा धंदा चालतो. रोज शेअर फिरवणाऱ्याला मेहनत पडते, डोळे दुखतात, हे खरे. पण त्या मेहनतीचे पैसे देणारे गिऱ्हाईक कोणी नसते.

सेबीने मांडलेला हिशेब

शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी' या सरकारी संस्थेने गेल्या काही वर्षांत हा हिशेब एकदा नव्हे, अनेकदा मांडला आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या एक कोटीहून अधिक सामान्य व्यवहार करणाऱ्यांची तीन वर्षांची खाती तपासून अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता. तोटा झालेल्यांचे सरासरी नुकसान माणशी सुमारे दोन लाख रुपये होते. सर्व खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा राहिला असे लोक शंभरात एक. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला.

हे नुकसान श्रीमंतांचे असेल असे वाटते का? त्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये हे व्यवहार करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितले होते. म्हणजे आपल्या तुपल्यासारखीच माणसे. आणि ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. म्हणून हा विषय नुसता नवऱ्याचा नाही, कमावत्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाचाही आहे.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, तोटा होणाऱ्यांचे प्रमाण ९१ टक्के होते, पण तोट्याची रक्कम आदल्या वर्षीच्या ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेली.

नुसत्या शेअरच्या इंट्राडे व्यवहारात जरा बरे दिसते, पण जरासेच. जुलै २०२४ च्या अहवालात २०२२-२३ या वर्षातले इंट्राडे करणारे दहापैकी सात जण तोट्यात होते. जे वर्षाला पाचशेहून जास्त वेळा व्यवहार करीत, त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्के निघाले. म्हणजे हात जितका वारंवार चालला तितके नुकसान वाढले. आपल्याकडे रोजच्या सरावाने पोळी गोल होते, त्याच्या अगदी उलट!

"सुरुवातीला सगळ्यांचंच जातं, मग अनुभव येतो," असे म्हणतात. ब्राझीलमध्ये काही अभ्यासकांनी हेच तपासले. २०१३ ते २०१५ या वर्षांत रोजचा व्यवहार सुरू केलेल्यांपैकी जे तीनशेहून अधिक दिवस चिकाटीने टिकले, त्यांच्यातले ९७ टक्के तोट्यातच राहिले. त्या देशातल्या किमान मजुरीहून जास्त मिळवणारे होते फक्त १.१ टक्के.

पाचशे रुपयांचे गणित

आता ते 'रोज फक्त पाचशे' पाहू. समजा, घरात एक लाख रुपये बाजूला काढून सुरुवात केली. लाखावर पाचशे म्हणजे अर्धा टक्का. इवलासा वाटतो. पण बाजार वर्षाला साधारण २५० दिवस चालतो. रोज अर्धा टक्का खरोखरच सुटत असेल आणि तो मुद्दलात घालत गेले, तर वर्षअखेर लाखाचे साडेतीन लाख व्हायला हवेत. दुसऱ्या वर्षी बारा लाख. तिसऱ्या वर्षी बेचाळीस लाख. आणि पाचव्या वर्षी पाच कोटी! असे होत असते, तर सबंध ग्लोबल सिटीत एकही घर कर्जाचे राहिले नसते. मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेल्या, हेच काम करणाऱ्या लोकांनाही असा नियमित अर्धा टक्का साधत नाही. म्हणजे मागणी 'फक्त पाचशे'ची वाटते, पण ती वर्षाला अडीचपटीने पैसा वाढवण्याची मागणी आहे.

दुसरे एक साधे गणित मुलांकडून करून घ्या. लाखाचे २० टक्के गेले, उरले ऐंशी हजार. आता परत लाखावर यायला २० टक्के पुरत नाहीत, २५ टक्के मिळवावे लागतात. अर्धे गेले तर दुप्पट करावे लागतात. खड्ड्यात उतरायला लागतात त्यापेक्षा वर चढायला नेहमी जास्त पायऱ्या लागतात.

चार आण्यांची कोंबडी

आपण भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पण मोबाइलवरच्या या व्यवहारात किती रुपये सुटतात, याकडे घरातल्या कोणाचेच लक्ष नसते.

अनेक दलाल ऑप्शनच्या प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये घेतात. घ्यायचे वीस, विकायचे वीस, असे चाळीस झाले. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४७ रुपये २० पैसे. दिवसाला असे पाच व्यवहार केले तर २३६ रुपये. २५० दिवसांचे झाले ५९ हजार. लाखाच्या मुद्दलावर नुसती दलाली ५९ हजार! शिवाय सरकारचा व्यवहार कर, बाजाराचे शुल्क, मुद्रांक हे वेगळेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हा.

हे कल्पनेतले आकडे आहेत असे समजू नका. सेबीच्या अहवालात २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसत्या खर्चात गेल्याचे दिसते. इंट्राडेमध्ये तोटा झालेल्यांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम खर्चापायी घालवली. म्हणजे शंभर रुपये बुडाले आणि ते बुडवण्यासाठी सत्तावन्न रुपये भरले.

समोर कोण बसले आहे?

प्रत्येक खरेदीला समोर कोणीतरी विकणारा असतो. पूर्वी दलाल स्ट्रीटवर माणसे ओरडून सौदे करीत. ते जाऊन १९९४-९५ च्या सुमारास पडद्यावरचे व्यवहार आले. आता त्या पडद्यामागे बव्हंशी माणूस नाहीच. २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाल कंपन्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये नफा मिळवला. आणि त्यातला ९६-९७ टक्के नफा संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या हिशेबातून आला.

डोळ्याचे पाते लवायच्या आत त्या यंत्राची खरेदी-विक्री झालेली असते. त्याच्यासमोर आपला माणूस कसा? नायगाव-भाईंदरच्या मध्ये खाडीच्या पुलावर नेटवर्क गेले म्हणून हवालदिल झालेला, किंवा साहेबांची नजर चुकवून टेबलाखाली मोबाइल बघणारा. यात हुशारीचा प्रश्नच नाही. बैलगाडी कितीही चांगली हाकली तरी विरार फास्टशी शर्यत लावायची नसते.

नऊ दिवसांचे दहाव्या दिवशी

"पण खरंच मिळतात हो! मी डोळ्यांनी पाहिलेत," असे तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील. मिळतातच. ते खोटे नाही, आणि म्हणूनच हा नाद सुटत नाही. नऊ दिवस पाचशे-पाचशे सुटतात. साडेचार हजार होतात. घरात श्रीखंड येते. दहाव्या दिवशी भाव उलटा फिरतो. 'आता वर येईल' म्हणून माणूस थांबतो, आणखी थोडे घेतो, आणि सहा हजार जातात. फायदा झटकन खिशात टाकायचा आणि तोटा मात्र धरून बसायचे, हा मनुष्यस्वभाव आहे. मग गेलेले काढण्यासाठी अकराव्या दिवशी दुप्पट रक्कम लागते. सेबीला असे आढळले की लागोपाठ दोन वर्षे तोटा झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक तिसऱ्या वर्षीही व्यवहार करीतच राहिले.

आणि बाजार उलटतो तेव्हा सांगून उलटत नाही. ३ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या अंदाजांवर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला. दुसऱ्याच दिवशी, प्रत्यक्ष मतमोजणीला, तो जवळजवळ ४,३९० अंकांनी कोसळला. ज्यांनी शेअर घेऊन ठेवले होते त्यांचे भाव पुढे सावरले. ज्यांनी आठवड्याच्या मुदतीचा इसार देऊन तेजीवर पैसे लावले होते, त्यांना सावरायला दिवसच उरले नाहीत.

घरात आपल्याला जे दिसते ते श्रीखंड असते. तोटा कोणी सांगत नाही. ऑफिसात, गाडीत, नातेवाइकांत सगळेजण फायद्याचेच फोटो दाखवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे ज्याला तोटा झाला त्याला वाटते, आपल्यालाच तेवढे जमत नाही. आणि तो लपवतो.

शिकवण्या, टिपा आणि ओळख नसलेले 'गुरुजी'

मग पुढचे पाऊल म्हणजे क्लास. महागडा क्लास लावला की सूत्र सापडेल अशी आशा. शिकणे वाईट नव्हे. पण डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिकवण्याच्या नावाखाली, नोंदणी नसताना, खरेदी-विक्रीचे सल्ले दिल्याचे त्यात म्हटले होते आणि सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले होते. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण त्या क्लासला पैसे भरणारे तीन लाखांहून अधिक होते, एवढ्यावरून ही भूक किती मोठी आहे ते कळते.

याच भुकेवर भामटेही जगतात. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी गटात घेतो, पहिले दोन-तीन वेळा फायदा दाखवतो, मग एक अॅप उतरवून घ्यायला सांगतो. त्यात आपले पैसे वाढलेले दिसतात, पण काढायला गेले की 'आधी कर भरा' म्हणतात. असे झाले तर लाजू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. आणि कोणालाही पैसे देण्यापूर्वी त्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर आहे का, ते पाहून घ्या.

आणि आपण बायका?

कित्येकजणी स्वतःही दुपारच्या वेळात हे व्यवहार करू लागल्या आहेत. अमेरिकेत बार्बर आणि ओडीन या दोन प्राध्यापकांनी १९९१ ते १९९७ मधली पस्तीस हजारांहून अधिक घरांची खाती तपासली. पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त वेळा खरेदी-विक्री करीत, आणि तेवढ्यामुळे त्यांचे नुकसानही जास्त होई. बायकांना अक्कल जास्त होती असे त्यांनी म्हटले नाही. बायका कमी वेळा हात घालीत, एवढेच.

सेबीच्या इंट्राडेच्या अहवालातही एक गमतीची गोष्ट आहे. अविवाहितांपैकी ७५ टक्के तोट्यात, तर विवाहितांपैकी ६७ टक्के. लग्न झालेल्याला कोणाला तरी हिशेब द्यावा लागतो, म्हणून असेल का? कारण काहीही असो. पण ६७ टक्के म्हणजे तीनातले दोन घरी तोटाच घेऊन आले, हेही विसरायला नको.

एका बाबतीत मात्र फार जपा. पुष्कळदा खाते बायकोच्या नावाने उघडतात आणि चालवतो नवरा किंवा दीर. "तू फक्त ओटीपी सांग." मैत्रिणींनो, खाते ज्याच्या नावाचे, जबाबदारी त्याची. देणे निघाले तर ते तुमच्या नावावर निघते, आयकराची नोटीस तुमच्या नावाने येते. त्याने कर वाचतो हेही खरे नाही; नवऱ्याने दिलेल्या पैशावर बायकोच्या नावाने झालेली मिळकत आयकर खाते नवऱ्याच्याच मिळकतीत धरते. ओटीपी हा आपल्या कपाटाच्या किल्लीसारखा आहे.

वहीत काय लिहावे?

भांडण करू नका, वही करा. दूध, किराणा, वीजबिल लिहितो तशी एक वेगळी वही घाला आणि त्यात एवढेच लिहा:

१. सुरुवातीला किती रुपये घातले आणि नंतर वेळोवेळी आणखी किती. ही रक्कम एका वेगळ्या बँक खात्यातूनच जाऊ द्या, म्हणजे विसर पडणार नाही.

२. महिन्याच्या शेवटी खात्यात किती उरले. मधल्या काळातला फायदा-तोटा लिहायचा नाही, फक्त शिल्लक.

३. वर्ष संपले की दलालाकडून वर्षाचा नफा-तोट्याचा कागद मिळतो. तो मागून घ्या. त्यात दलाली आणि सगळे कर वजा केलेले आहेत ना, ते बघा. एका दिवसाचा फोटो हा हिशेब नव्हे.

४. तेवढीच रक्कम आपल्या बँकेत ठेव म्हणून ठेवली असती तर काय व्याज आले असते, ते शेजारी लिहा.

५. या कामात गेलेले तास लिहा. तेवढ्या तासांत शिकवण्या, शिवण किंवा डब्यांचे काम करून काय मिळाले असते, तेही.

आणि चार गोष्टी ठाम ठरवून टाका: कर्ज काढून व्यवहार नाही, दागिने गहाण नाहीत, मुलांच्या फीचे आणि घराच्या हप्त्याचे पैसे त्यात नाहीत, आणि एक ठरलेली रक्कम संपली की थांबायचे, नवी भर नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत सुरक्षित असल्याशिवाय नोकरी सोडण्याचा तर विषयसुद्धा नको. निदान दोन वर्षांची वही, सगळा खर्च जाऊन, पगाराएवढा पैसा दाखवीत असेल तरच पुढचे बोलू, असे म्हणायला काय हरकत आहे?

शेअरबाजारात पैसे लावायचेच असतील तर दरमहा थोडी रक्कम इंडेक्स फंडात घालून वर्षानुवर्षे हात न लावणे, हा सामान्य माणसाला झेपणारा रस्ता आहे. त्यातही चढउतार आहेत, पण दलालाचा चमचा फार लहान आहे आणि सव्वानऊला मोबाइल उघडावा लागत नाही. आपल्या वसईची सुकेळी कशी होतात? केळी सोलून उन्हात घातली की दिवसचे दिवस वाट बघावी लागते. घटकेघटकेला उलटून ती लवकर होत नाहीत.

बोलावे कसे?

शेवटी अवघड भाग. तोटा झालेल्या माणसाला टोमणे मारले तर तो आणखी लपवतो आणि आणखी मोठा डाव लावतो. म्हणून "मी सांगत होते ना!" हे वाक्य गिळून टाका. जुलै २०२३ पासून फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या प्रत्येकाला दलालाच्या अॅपमध्ये शिरताना इशारा दाखवावा लागतो की दहापैकी नऊ जणांना यात निव्वळ तोटा झाला आहे. बहुतेकजण तो न वाचता बाजूला सारतात. एका संध्याकाळी जवळ बसून म्हणा, "अहो, हे इथं काय लिहिलंय, जरा वाचून दाखवा ना." मग वर्षाचा कागद मागा. मुलगा असेल तर त्याच्याकडून ते अर्ध्या टक्क्याचे गणित करवून घ्या.

रात्रीची झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे, मित्रांकडून किंवा मोबाइलच्या अॅपवरून गुपचूप उसने घेतले आहेत, असे दिसले तर मात्र हा पैशांचा प्रश्न राहिलेला नाही. जुगाराच्या नादासारखाच तो नाद असतो आणि त्याला मदत लागते. १४४१६ हा सरकारचा 'टेलीमानस' दूरध्वनी आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. देणेकऱ्यांची यादी दोघांनी मिळून करा, घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विश्वासात घ्या. गेलेला पैसा हळूहळू पगारातून भरून काढता येतो. तो त्याच बाजारातून भरून काढायला निघाले, तर मात्र उरलेला जातो.

आणि वर्षभर वही लिहून खरोखरच नफा दिसला तर? तर आनंदच आहे! शंभरातल्या त्या थोड्यांत आपले घर बसले, असे म्हणू आणि दुसऱ्या वर्षाची वही घालू. पण दोन्हीपैकी काहीही निघाले, तरी ते दोघांना माहीत असलेले बरे. ह्या महिन्याच्या पहिल्या तारखेला किराण्याची यादी करताना एक कोरी वही जास्तीची आणून ठेवा.